सगळ्या पट्ट्या विरघळल्या

खत कंपनीचे पाहुणे अकराला येणार होते आणि संशोधिकेचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. नव्वद दिवसांपूर्वी तिने टोमॅटोच्या वाफ्यात खताच्या पातळ, पारदर्शक पट्ट्या पुरल्या होत्या. पट्टीने हळूहळू खत सोडायचं आणि शेवटी स्वतःही मातीत विरून जायचं. सहा वर्षं यातच गेली होती. आज पाहुण्यांनी मान डोलावली की पट्टी कारखान्यात जाणार होती. मधे वाफ्याकडे फिरकायचं नाही, उकरून तर बघायचंच नाही, हा नियम तिचाच. तो पाळताना जीव नुसता टांगणीला लागला होता.

आज तिने उकरलं. एका ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी, मग अख्खा वाफा. पट्टीचा मागमूस नव्हता. तिने तिथूनच प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला.

"सर, सगळ्या विरघळल्या! औषधालासुद्धा उरली नाही!"

फोन ठेवला आणि मग तिला पानं दिसली. पिवळी. खत मिळालेलं झाड असं दिसत नाही, हे कळायला सहा वर्षं लागत नाहीत. मनात पाल चुकचुकली.

"मावशी, झाडं अशी का हो?" तिने वाफ्याला पाणी देणाऱ्या मावशींना विचारलं.

"मलाही तेच कोडं आहे बघा. मी तर जिवापाड जपते. पहिल्याच आठवड्यात खुरपताना सगळं प्लास्टिक वेचून काढलं. वीस वर्षं शेताशेतांतून तेच वेचलंय, मातीत दिसलं की हात राहत नाही."

"सगळं?"

"एक तुकडा सापडला तर नाव बदलेन."

ती पट्टी म्हणजेच खत, हे मावशींना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही. तिला मावशींचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

सरांनी पाहुण्यांना बरोबर पिवळ्या पानांकडे पाठ करून उभं केलं. पाहुणे उकिडवे बसले, मूठभर माती बोटांतून गाळून पाहिली.

"कमाल आहे! इतकी स्वच्छ माती! श्रेय कुणाचं हे?"

सर तिच्याकडे बघून हसले. हे उत्तर तिने आरशासमोर कितीदा तरी घोकलं होतं. खरं काय ते फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला त्याचा अर्थच माहीत नव्हता.

तिने मावशींचा चिखलाने भरलेला हात धरून त्यांना पुढे आणलं.

"यांचं," ती म्हणाली. "मावशी, कसं केलंत ते सांगा."

मावशी आधी लाजल्या. मग अगदी पहिल्या दिवसापासून सांगू लागल्या.