अदलाबदलीचा कोट

युद्धबंदी दुपारी बाराला लागू होणार होती. बाराला पाच कमी असताना सुभेदार गंगाजी ढमढेरे खिंडीतल्या चौकीत चहा गाळत होते. समोर लुबिन बसला होता, बलाढ्य मित्रराष्ट्राचा सैनिक. चार वर्षं दोघं एकाच खंदकात लढले होते.

"बारानंतर आमचा देश लढाईतून बाहेर," गंगाजी म्हणाले. "तूही आता घरी जा बाबा."

शत्रूशी झालेल्या तहाचं सातवं कलम चौकीला कुणी कळवलं नव्हतं. बाहेर पडणाऱ्या देशाने आपली शस्त्रं जुन्या मित्रावर वळवायची होती. माणसांनी ते ऐकलं नसतं, म्हणून हुकूम थेट तटावरच्या स्वयंचलित बंदुकांना गेला होता. कोटाच्या कॉलरमधली चिप वाचून त्या आपला-परका ओळखत.

बाराच्या ठोक्याला चारही बंदुका आत वळल्या.

पहिल्या फैरीत स्वयंपाक्याचा जबडा उडाला. दुसरीत दारातले तिघं एकमेकांवर कोसळले. सगळे गंगाजींचेच जवान. मित्रांचे लोकरी कोट ऊबदार, म्हणून साऱ्या चौकीने तंबाखू आणि आपले पातळ कोट देऊन ते बदलून घेतले होते. दोन्ही सैन्यं एका बाजूची, त्यामुळे बंदुकांनी कधी हरकत घेतली नव्हती.

"कोट काढा रे," गंगाजी ओरडले आणि स्वतःची बटणं तोडू लागले. तिसरं बटण तुटलं नाही.

लुबिनने त्यांचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या अंगात गंगाजींचा विरलेला कोट होता. बंदूक त्याच्याकडे वळली, तिने कॉलर वाचली आणि आपल्या सुभेदाराला देतात तशी नळी झुकवून सलामी दिली.