बॅटरी चार्जिंगला असताना

बरणीतल्या पाण्यात बुडबुडे उठू लागले तसे मालोजीराव खूश झाले. त्यांनी कानातली खुंटी काढली, ऐकायच्या यंत्राची डबी बाजेवर ठेवली आणि सुनेकडं पाहून दोन्ही हात हलवले. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत ऐकण्याचं दुकान बंद.

विमलनं मान डोलावली आणि निवडायच्या तांदळाचं सूप पुढं ओढलं.

यंत्राचे सेल पुण्याहून आणावे लागत आणि बघता बघता संपत. मालोजीरावांची हयात मोटारींच्या गॅरेजात गेलेली. त्यांनी जुन्या बाजारातून मुठीत मावेल अशी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी पैदा केली आणि ती भरायला चार्जरही घरीच बनवला. जुन्या रेडिओचा ट्रान्स्फॉर्मर, लोणच्याची बरणी, तिच्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, एक पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, एक शिशाची, तारेच्या वाटेत टॉर्चचा बल्ब. मुलगा ज्योतीराम पिंपरीच्या औषध कारखान्यात होता. त्याला मिळालेल्या खोल्यांत वीज होती म्हणून हे जमलं. शेजारी हसायचे. पण बॅटरी भरायची आणि मालोजीरावांना ऐकू यायचं.

ती भरत असताना मात्र ते ठार बहिरे.

विमल त्यांच्याशी बोलायला लागली ती अशाच एका दुपारी. पहिलं बाळंतपण झालं, पण मूल हाती लागलं नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. सासू, रुक्मिणीबाई, तर कामाखेरीज बोलतच नसत. जेवणं उरकली की त्या आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडत. नवरा ड्युटीवर. एरवी सासऱ्यासमोर विमलनं मान वर केली नसती. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याचा कसला संकोच?

"मामंजी, कोपऱ्यावरच्या नळावरनं पाणी आणताना कंबर मोडती बगा," त्या दुपारी ती तांदळाकडं बघत म्हणाली होती. "सांगू कुणाला? म्हणतील, नाटकं करती."

मालोजीराव बुडबुडे बघत हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीरामनं हंडा स्वतः उचलला. "राहू दे, मी आणतो," एवढंच म्हणाला, आणि मग रोजच आणू लागला.

असेल योगायोग, असं विमलला वाटलं. पण मग चाकणला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. "तब्येत धड न्हाई. कुटं जायचं न्हाई," रुक्मिणीबाईंनी ठणकावलं. दुपारी विमल सासऱ्यापुढं बसून रडली. "माज्याबिगर ती बोहल्यावर चढायची न्हाई, मामंजी. आईमागं मीच वाढवलीया तिला."

संध्याकाळी सासू चुलीपुढून, मान न वळवता म्हणाल्या, "जा लग्नाला. ह्यांचं मन हाय, म्हणून जा."

विमलच्या अंगावर काटा आला. म्हणजे मामंजींना ऐकू येतं! बॅटरी, बरणी, बुडबुडे, सगळं सोंग. म्हातारा गुपचूप ऐकतो आणि गुपचूप वाट काढून देतो. तिला राग नाही आला. उलट आई गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, आपलं म्हणावं असं कुणीतरी आहे. लग्नाहून येताना तिनं त्यांच्यासाठी वेगळे लाडू बांधून आणले. त्यांनी ते चवीनं खाल्ले. पण कशाबद्दल, हे काही त्यांना उमगलेलं दिसलं नाही. मुरलेला नट हाय, ती मनात म्हणाली.

म्हणूनच आज तिनं सगळं बळ गोळा केलं होतं.

"मामंजी," ती म्हणाली. "तुमास्नी ऐकू येतंय, मला ठावं हाय. आज एकच मागते. माजी लेक... मी शुद्धीत नव्हते. तिचं तोंडबी कुणी दावलं न्हाई मला. कुटं पुरलं तिला, एवढं सांगा. मी मनात नाव ठेवलं हुतं तिचं. शेवंता. आजवर कुणापाशी बोलले न्हाई."

मालोजीराव वाकून बल्ब बघत होते.

"मामंजी, एक डाव सांगा."

त्यांनी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ते गोंधळले. कानाकडं बोट करून त्यांनी मान हलवली, मग बरणी दाखवली, मग बॅटरी. थांब पोरी, भरू दे.

विमल उठली. त्यांच्या पाठीमागं गेली आणि पितळी पातेलं उंचावरून फरशीवर सोडून दिलं. खोली दणाणली. पातेलं गरगरत जाऊन भिंतीला आपटलं.

मालोजीरावांची पाठ जराही हलली नाही. ते पुन्हा बुडबुड्यांत गुंगून गेले होते.

विमल मटकन खाली बसली. इतके दिवस ती दगडाशीच बोलत आली होती.

आतल्या खोलीचा पडदा सरकला. रुक्मिणीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून विमलनं घाईघाईनं पातेलं उचललं आणि पदरानं डोळे पुसले.

रुक्मिणीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, वहाणा पायांत सरकवल्या आणि सुनेपुढं हात केला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "शेवंताकडं जाऊन येऊ."