दोनदा वाजलं की

जादूगाराची बायको उभा जन्म त्याच्या पेटीतून गायब होत आली. पेटीला चोरकप्पा होता. जादूगार बाहेरून दार ठोठावायचा. आतून एकदा वाजलं की ‘थांबा, अजून सावरतेय’, दोनदा वाजलं की ‘उघडा’. लोक चमत्कार म्हणायचे. ती हसायची. “चमत्काराला चोरकप्पा लागत नाही.”

ती गेल्यावर पेटी धूळ खात पडली. शेवटी लेकीने ती मोडायला काढली. पाठ निघाली, बाजू निघाल्या, चोरकप्पाही निघाला. उरलं नुसतं दार, चौकटीसकट भिंतीला टेकवलेलं.

त्याने सवयीने ते ठोठावलं.

आतून एकदा वाजलं.

लेकीच्या हातातला पाना खाली पडला. “बाबा, मागे भिंत आहे.”

“थांबायला सांगतेय,” तो म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. ऊन दारावरून सरकत खाली उतरलं. लेकही हळूहळू त्याच्या शेजारी जमिनीवर टेकली.

मग दोनदा वाजलं.

त्याने उठून केसांवरून हात फिरवला, कडीला बोटं लावली, आणि थबकला. दारामागे काय आहे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

“बाबा,” लेक कुजबुजली, “उघडा ना.”