खिडकीतल्या चकत्या

रुतियानाने फ्रीजमधून चकत्यांच्या नळ्या काढल्या, झाकणं उघडली आणि त्या पश्चिमेच्या खिडकीत उन्हात मांडल्या. शुक्रवारची दुपार होती. तेरेतिया नुकतीच बेतियोच्या बसने घरी गेली होती, तीही सगळ्या नळ्या तपासून, वहीत सही करून. सोमवारपर्यंत प्रयोगशाळेत कुणी फिरकणार नव्हतं.

नखाएवढ्या कागदी चकत्या त्या, प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं. जंतू पसरलेल्या बशीवर चकती ठेवायची. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं कडं उमटतं, नसेल तर जंतू चकतीला खेटून वाढतात. ऊन आणि दमट हवा लागली की चकतीतलं औषध मरतं. हे रुतियानाला कुणी फिजीतल्या सुवाला नेऊन शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं ती तारावा बेटावरच्या याच खोलीत हे काम करत होती.

सुवाला गेली ती तेरेतिया. मावशीची मुलगी, नऊ वर्षांनी धाकटी, रुतियानानेच हात धरून शिकवलेली. बेटाबेटांवरच्या प्रयोगशाळांसाठी तीन महिन्यांचं शिक्षण निघालं, जागा एकच होती, आणि साहेबांनी नाव दिलं तिचं. परत आल्यापासून तिच्या तोंडी एकच पालुपद. हातमोजे असे काढायचे, सुवाला असंच करतात. बशी अशी धरायची, सुवाला असंच करतात. कहर झाला तो मागच्या रविवारी. प्रार्थनेनंतर मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, सगळं गाव बसलेलं, आणि म्हाताऱ्यांनी तेरेतियाला मधोमध उभं करून औषधांवर बोलायला लावलं. उरलेल्या गोळ्या कुणी मागितल्या तरी देऊ नका, असं ती म्हणाली. आमच्या बेटांवर नातलगाने बुबुती केली, म्हणजे तोंडाने वस्तू मागितली, की नाही म्हणायची सोय नसते, मग ती होडी असो की डुक्कर. तरी म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. याच म्हाताऱ्यांनी रुतियानाला बावीस वर्षांत ‘बाई, तू तिथे करतेस तरी काय’ एवढंही विचारलं नव्हतं.

सुवाची जागा तिने बुबुती करून मागितली असती तर तेरेतियाला द्यावी लागली असती. पण धाकटीपुढे हात पसरायचा तर आधी मान खाली घालावी लागते. रुतियानाने मागितली नाही. ती नुसती जळत राहिली.

आता सुवाहून परीक्षेची पेटी आली होती. आत एक अनोळखी जंतू. त्याला कुठली औषधं लागू पडतात ते कळवायचं, मग तिकडून गुण येतात. तेरेतियाच्या नावावरची ही पहिलीच परीक्षा. यात नुकसान कुणाचं? परीक्षेच्या जंतूला ना आई ना बाप, ना अंगात ताप. रुतियानाने मनाची अशी समजूत घातली, आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन नळ्या परत फ्रीजमध्ये ठेवल्या.

तेरेतियाने मात्र शेजारीशेजारी दोन बशा मांडल्या.

“ही दुसरी कुणाची?” रुतियानाने विचारलं.

“तिरोइयाची. बाळंतिणींच्या वॉर्डातली. चार दिवस झाले, ताप हटत नाही.”

“आणि तिलाही याच चकत्या?”

“मग? परीक्षेला एक आणि रोग्याला एक, असं करायचं नसतं. सुवाला—”

“कळलं. सुवाला असंच करतात.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. रुतियाना बोलली नाही.

मंगळवारी दोन्ही बशा सारख्याच निघाल्या. एकाही चकतीभोवती कडं नाही. तेरेतियाचा चेहरा उतरला.

“परीक्षेचं बघू नंतर,” ती म्हणाली. “पण तिरोइयाला आपल्याकडचं एकही औषध लागू नाही. चालू इंजेक्शन बंद करा म्हणून कळवते.” तिने कागद ओढला. दाराबाहेर तिरोइयाची आई चटईवर बसली होती, नातीला मांडीवर घेऊन.

रुतियानाने तेरेतियाचं मनगट धरलं. “लिहू नकोस. चकत्या मी मारल्या. दोन दिवस उन्हात ठेवल्या होत्या. तू नापास व्हावीस म्हणून.”

तेरेतियाने पेन खाली ठेवलं.

“जागा मागितली असतीस तर दिली असती गं,” ती म्हणाली.

मग ती कामाला लागली. इंजेक्शन चालूच ठेवा, असं वॉर्डाला कळवलं. सुवाला फोन लावला. तिथल्या इस्पितळात शिक्षणाच्या वेळी तिच्या खोलीत राहिलेली मैत्रीण होती. आमच्याकडे नसलेलं वरचं, जास्त जालीम औषध गुरुवारच्या विमानाने पाठव, नाही लागलं तर परत करू, असं तिला सांगितलं. सीलबंद चकत्यांचं नवं खोकं फोडलं. नव्या बशा दोघींनी मिळून केल्या.

बुधवारी सकाळी रुतियाना दाराशी थांबून होती. किल्ली तिच्याकडे असूनही ती आत गेली नाही. तेरेतिया आली, जंतू वाढवायची ऊबपेटी उघडली आणि पहिली बशी तिच्या हातात दिली. परीक्षेची. चकत्यांभोवती स्वच्छ, गोल कडी. रुतियानाला रडूच फुटलं. म्हणजे सगळा घोळ आपल्याच चकत्यांचा होता. नोकरी जाईल तर जाऊ दे, पोरगी वाचेल.

तिने दुसरी बशी घेतली, तिरोइयाची. खिडकीशी नेली. उजेडात धरून एकेक चकती पाहिली. जंतू प्रत्येकीला खेटून वाढले होते. तिने बशी फिरवून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

“औषध उद्या येतंय,” मागून तेरेतिया हळूच म्हणाली.

वर्षभर रुतियाना देवाकडे एकच मागत आली होती, तेरेतिया एकदा तरी चुकू दे. त्या सकाळी तिने पुन्हा तेच मागितलं, पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या भल्यासाठी. तिरोइयाच्या बाबतीत तेरेतिया चुकली नव्हती.