बंपरवरचा हार

"हार काढलास तर मी शर्यत बघायला थांबणार नाही," आई म्हणाली.

"अगं, त्या भोकांवरच घातलायस तू."

"गाडीला भोकं बरी दिसत नाहीत, म्हणून झाकली."

माझं डोकं सणकलं. पुढचे फॉगलाइट काढून मी तिथनं चाकांपर्यंत पाइप टाकलेत. ट्रॅकवर सारखे दाबून ब्रेक तापतात, मग लागतच नाहीत. त्यांना वारा मिळावा म्हणून हा खटाटोप, आणि वाऱ्याच्या तोंडात झेंडूचा बोळा. मी आईला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे ब्रेक लागणार नाहीत?" आईनं घाबरून हार काढला.

पण देवाचा हार टाकायचा कुठं? शेजारच्या गाडीत माझा वैरी इंगवले बसलेला. त्याच्या बंपरलाही तशीच भोकं. आईनं तिथं हार नीट बांधला. तो हेल्मेट काढून तिच्या पाया पडला.

"काकू, आता भीती नाही."

मी गालात हसलो, मग शर्यतीत सुटायची रांग बघितली. इंगवले सुटणार बरोबर माझ्या मागनं. त्याचे ब्रेक लागले नाहीत तर तो थेट माझ्या डिकीत येऊन थांबणार.

झेंडा वर चाललाय. मी निघतो, हार काढायला पाहिजे.