व्हेगासमधलं व्हेनिस

"बाप्पा! हे आभाळ तर रंगवलेलं आहे!" निमिषची आई मान वर करून वाटेत मधोमध उभी राहिली. मागून येणारं जोडपं तिच्यावर आदळता आदळता वाचलं.

"हो आई. चल आता," निमिष म्हणाला. सकाळपासून तो एवढंच म्हणत होता.

या गावात सरळ कुठे जाताच येत नाही. जेवायला जायचं तरी जुगाराच्या मशीनच्या रांगांमधून, बाथरूमला जायचं तरी त्यांच्यातूनच. सिगरेटचा धूर, डोकं उठवणारा टिंगटिंगाट, आणि खिडकी म्हणाल तर औषधालाही नाही. भारतातून आईवडील आले की तो राहायचा त्या बेलव्ह्यूमधली सगळी मराठी मंडळी त्यांना लास व्हेगास दाखवून आणतात, म्हणून त्यानेही आणलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. फेब्रुवारीत नागपूरला आश्लेषाचं, त्याच्या धाकट्या बहिणीचं, लग्न होतं आणि त्याला जाता येणार नव्हतं. इथे नोकरी करायची परवानगी होती, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. गेला तर परत यायला नवा शिक्का लागणार, शिक्क्यासाठी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळत नव्हती, आणि देशाबाहेर पाऊल टाकू नकोस म्हणून ऑफिसच्या वकिलाने बजावलं होतं. एवढ्या झगमगाटात ही बातमी सहज खपून जाईल, असं त्याला वाटलं होतं.

पण आई बोलू देईल तर ना! सकाळी बुटक्या आयफेल टॉवरपुढे तिने फोटो काढून घेतले आणि 'पॅरिस' असं लिहून तिथल्या तिथे मावशीला पाठवले. मग रस्त्यावर पिसं लावून उभ्या असलेल्या मुलींच्या मधे जाऊन उभी राहिली. त्या फोटोचे पैसे मागायला लागल्या, तर "अंगभर काही घाला गं, ऊन लागेल," असं त्यांना चक्क मराठीत सांगून आली. पैसे निमिषने दिले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता ती हॉटेलच्या आत बांधलेल्या व्हेनिसमध्ये, कालव्याच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती. इथे सांगावं, असं त्याने ठरवलं.

"आई, ऐक ना, आशूच्या लग्नाचं..."

"हो, बरी आठवण केलीस. कानपिळीला नवरदेवाचा कान चांगला जोरात पीळ हं. नुसता हात लावून सोडशील. एकुलता एक भाऊ आहेस तिचा."

"आई, मी येत नाहीये." त्याला हळू सांगायचं होतं, पण शब्द वैतागूनच बाहेर पडले. "गेलो तर तिकडे अडकून पडेन. जॉब जाईल. मला या देशाबाहेर जाताच येत नाही, समजतंय का तुला?"

तेवढ्यात कालव्यातून एक होडी आली. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नावाडी गळा फाडून गात होता आणि दोन्ही काठांवरचे लोक टाळ्या वाजवत होते. निमिषला त्या नावाड्याचा विलक्षण राग आला.

आईने चष्मा काढला. तिने पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिली. रडली असती, भांडली असती, तरी परवडलं असतं. आशूच्या लग्नात आपण नसणार, हे निमिषला या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं. तो नवा जावई कान पुढे करून उभा राहील, आणि कुठल्यातरी चुलतभावाला पुढे ढकलतील.

आईने चष्मा लावला. वरचे रंगवलेले ढग, खालचं निळं पाणी, दोन्हीकडची खोटी घरं तिने पुन्हा एकदा नीट न्याहाळली.

"पॅरिस बांधलं, व्हेनिस बांधलं," ती चिडून म्हणाली. "मेल्यांना एक नागपूर बांधायला काय झालं होतं? तुला लग्नाला येता तरी आलं असतं."