चार थेंब बेसिनमध्ये

त्या सकाळीही लेकीने चार थेंब आधी बेसिनमध्ये मोजून टाकले. मग खिशातून दुसरी बाटली काढली. कोरड्या डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानात कुणालाही मिळते, तसली. आई मान मागे टाकून खुर्चीत बसली होती. लेक तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

आईचे डोळे खालून तिच्याकडे उलटे बघत होते. चेहरा उलटा दिसला की नजर भलत्याच कुणाची वाटते.

"हे घट्ट आहे," आई म्हणाली.

"तेच आहे, आई."

"बरं. तेच आहे."

बेसिनमध्ये गेलेले थेंब प्रयोगाचे होते. मधुमेहवाले टोचून घेतात ते इन्शुलिन डोळ्यांत घातलं, तर मेंदूपर्यंत पोचून अल्झायमर आटोक्यात येईल का, हे बघणं चालू होतं. बाटलीवर फक्त क्रमांक. निम्म्या रुग्णांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी असणार होतं, आणि कुणाच्या ते परिचारिकेलाही ठाऊक नव्हतं. आईच्या बाटलीत काय आहे, याबद्दल मात्र लेकीला आता शंका उरली नव्हती.

परिचारिका महिन्यातून एकदा घरी येई आणि औषध ठरल्याइतकं संपलं की नाही, हे इवल्याशा काट्यावर बाटली तोलून बघे. आईने तिचं नाव तराजूबाई ठेवलं होतं. मग लेकीला बाहेर पाठवून ती आईची परीक्षा घेई. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, आणि शेवटी, मनाने एक वाक्य लिहा. आईने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. बाकी सगळं गेलं तरी अक्षर मोत्यासारखंच होतं.

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी आईने विचारलं, "धाकटा कुठाय?"

धाकटा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तो चार वर्षांचा, लेक नऊची. मागच्या दाराची कडी उघडी राहिली आणि दाराबाहेर कालवा होता. कडी इतकी उंच, की त्याचा हात पोचायचा प्रश्नच नव्हता. ती लावायला आपण विसरलो, असं आईने स्वतःच सगळ्यांना सांगितलं आणि ते ओझं जन्मभर उरावर बाळगलं. दुखण्याने तिच्यावर एवढा एकच उपकार केला होता. पोर विसरायला लावलं होतं. आता ती रोज विचारी, रोज तिला सांगावं लागे, आणि रोज ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडे.

मग एका दुपारी ती मागच्या दारापाशी उभी दिसली. हात वर धरलेला, कडी सरकवल्यासारखा.

"इथे स्टूल होतं," ती म्हणाली. "ते कुणी आणलं होतं?"

त्याच संध्याकाळी लेकीने पहिल्यांदा थेंब बेसिनमध्ये टाकले. एकच पोर आईला किती वेळा गमवायला लावायचं, असं तिने मनाशी म्हटलं. आठवड्याभरात आई गप्प झाली. धाकट्याचं नाव नाही, दाराचं नाव नाही. लेकीच्या जिवात जीव आला, आणि त्याची तिला लाजही वाटली.

थेंब घट्ट आहेत म्हणाली, त्याच दिवशी जेवण झाल्यावर आई आडवी झाली. लेकीने पांघरूण घातलं आणि मागच्या दाराची कडी बघून येते, असं सवयीने म्हणाली.

"कशाला?" आई म्हणाली. "ती लावलेलीच असते."

आणि तिने लेकीच्या हातावर थोपटलं, लहान मुलीला निजवताना थोपटावं तसं.

चार वाजता लेक चहा घेऊन गेली, तेव्हा आई राहिली नव्हती.

आठवड्याने तराजूबाई बाटल्या न्यायला आल्या. रुग्ण गेला की क्रमांकाचं पाकीट उघडतात, म्हणाल्या. आईंच्या बाटलीत पहिल्या दिवसापासून मिठाचं पाणीच होतं.

"पण तिला आठवायला लागलं होतं," लेक म्हणाली.

"त्यांचं त्यांनाच आठवलं असणार. होतं असं कधीकधी."

"आणि मग पुन्हा विसरली ती?"

तराजूबाईंनी काटा पिशवीत ठेवला. ते कसं सांगणार, म्हणाल्या. जाताना त्यांनी आईच्या वाक्यांचे कागद दिले. काय लिहिलंय ते आम्ही कुठे बघत बसतो, वाक्य पुरं असलं की एक गुण.

दुसऱ्या महिन्याच्या कागदावर होतं: *मी कडी लावायला विसरले.*

शेवटचा कागद आई जाण्याच्या दहा दिवस आधीचा होता. ती गप्प झाल्यानंतरचा. त्यावरही तेच वाक्य होतं, पण "लावायला विसरले" या शब्दांवर आडवी रेघ. बाजूला समासात, मुद्रितं तपासताना करायची तशा बारीक अक्षरात: *लावली होती.*

आणि त्याखाली: *दुरुस्ती छापू नये.*

लेक आत गेली. खुर्ची अजून खिडकीपाशीच होती. थेंब घालताना उभी राहायची, तशी ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "कडी मी काढली होती."